सहा शिलिंगांचं पदक

ताई, तू पाठवलेल्या फोटोला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मंगळवारी दुपारी तो आला तेव्हा मी तहसीलमध्ये माझ्या टेबलावर होते. वारसनोंदीच्या अर्जांचा गठ्ठा समोर होता आणि एक म्हातारे गृहस्थ भावाच्या मृत्यूचा दाखला शोधत पिशवी उलटीपालटी करत होते. मी फोटो उघडला. वहीचं पिवळं पडलेलं पान, त्यावर पेन्सिलीनं घासून उतरवलेला नाण्याचा छाप, खाली कुणाच्या तरी बारीक अक्षरातली एक ओळ. ती ओळ मी मोठी करून वाचलीसुद्धा नाही. मी फोटो बघितलाय हे तुला कळलं असणार, निळ्या खुणा उमटल्या होत्या. मी फोन पालथा ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "काका, पुराव्याशिवाय मला काही करता येत नाही."

शनिवारी सकाळी तू गेलीस. मधे चार दिवस होते माझ्याकडं.

शेजारच्या बाईंचा फोन आला, "अनिता मॅडम पडल्यात, लवकर निघा." नांदेड सोडलं, लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि सगळ्या रस्त्यात मी तुझ्याशी भांडतच होते. मनात नव्हे, तोंडानं. गाडी चालवणारा माझा नवरा एकदा म्हणाला, "अगं, हळू." लातूरला पोचले तेव्हा तू माझ्या कोणत्याच बोलण्याला उत्तर देण्यासारखी राहिली नव्हतीस.

लोक भेटायला आले. मॅडम इतिहास किती छान शिकवायच्या, सगळे हेच सांगत होते. तुझ्या आतल्या खोलीत कुणी डोकावलं नाही. तिथं टेबलावर भिंग होतं, सोनाराकडं असतो तसला छोटा काटा होता, लॅपटॉप उघडाच होता. लातुरातल्या दुसऱ्या मजल्यावर बसून ब्रिटन आणि आयर्लंडच्या जुन्या, दुर्मिळ नाण्यांचा माग काढणारी बाई तू. नाणं कुणी पाडलं हे पुस्तकात मिळतं, ते कुणाकडून कुणाकडं गेलं हे शोधावं लागतं, असं म्हणायचीस. शंभर वर्षांपूर्वीच्या लिलावांच्या याद्यांतले धुरकट फोटो पडद्यावर मोठे करायचीस आणि आजच्या फोटोशेजारी ठेवायचीस. राजाच्या गालावरचा ओरखडा, कडेवरचा खळगा. जुळलं की एकटीच टाळी वाजवायचीस. एकदा मला एक पितळी आयरिश नाणं दाखवलंस, राजानं तोफा वितळवून पाडलेलं, त्यावर महिनासुद्धा कोरलेला. "कोणत्या महिन्यात तोफ भट्टीत गेली ते कळतं बघ, मनू," म्हणाली होतीस. मला तेव्हा पोळ्या करायच्या होत्या. मी "हो का" म्हटलं.

आणि तो व्यापारी आठवतो ना, ज्याला त्याच्याकडच्या हाफ क्राउनबद्दल, म्हणजे एका जुन्या इंग्रजी नाण्याबद्दल, 'निजामाच्या सरदार घराण्यातलं' असं तुझ्या सहीनं लिहून हवं होतं? तू तेच नाणं परदेशातल्या एका अलीकडच्या लिलावात शोधून काढलंस. फोनवर तो चिडला. तू शांतपणे म्हणालीस, "नाणं अस्सल आहे हो. गोष्ट नकली आहे." मी किती हसले होते त्या दिवशी! आपल्या घरातल्या गोष्टीकडं तू तेव्हाच वळली होतीस, हे मला कळलं नाही.

कारण ज्या नाण्यानं तुला हे वेड लागलं ते माझ्या कपाटात होतं. चांदीच्या रुपयांची माळ आणि तिच्या मध्यभागी ते पदक. रुपयापेक्षा चांगलं मोठं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेली बाई, तिच्या हाताशी वीणेसारखं वाद्य. आपण तिला सरस्वती म्हणायचो. तू कॉलेजात गेलीस आणि एका सुट्टीत येऊन सांगितलंस की ही सरस्वती नाही, ही आयर्लंड आहे. त्या देशालाच बाईचं रूप दिलंय, आणि वाद्य हार्प आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिकडं चांदीच्या नाण्यांची टंचाई होती, म्हणून एका बँकेनं स्पेनची नाणी घेतली आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारून सहा शिलिंगांची नाणी केली. ठसा कितीही जोरात मारला तरी खालची अक्षरं पूर्ण जात नाहीत. आपल्या पदकावर हार्पच्या वर तीन परकी अक्षरं आणि एक वाकडा आकडा राहिला होता. "खालचं काय आणि कुठं उरेल ते प्रत्येक नाण्यावर वेगळं," तू म्हणालीस. "म्हणून अशी दोन नाणी कधीच सारखी नसतात."

ते इकडं कसं आलं असेल, असं मी विचारलं होतं. मोमिनाबादला निजामाच्या काळी लष्करी छावणी होती, तिथं आयरिश शिपाई असतील, त्यांच्यापैकी कुणाकडून, असा तुझा अंदाज होता. पण तो तू कधी कागदावर लिहिला नाहीस. अंदाज लिहायचा नाही, हा तुझा नियमच होता. आयर्लंडमधला एक म्हातारा संग्राहक अशा नाण्यांची यादी करत होता. खालची अक्षरं इतकी स्पष्ट राहिलेली फार थोडी आहेत, यावर लेख लिहा, असं तो दोन वर्षं तुझ्या मागं लागला होता. तू लिहीत नव्हतीस. मला वाटायचं, आळस.

चार महिन्यांपूर्वी तू नांदेडला आलीस. मी चहा ठेवला. तू म्हणालीस, उदगीरला रेल्वेत पार्सल क्लार्क असलेले एक गृहस्थ होते, सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून बायकांच्या माळांतल्या परक्या नाण्यांचे छाप घ्यायचे. ते वारले, पण त्यांच्या सूनबाईंकडं वह्या आहेत, माळ्यावर. त्या शोधून देणार आहेत.

"मग?" मी म्हटलं.

"त्यात आपल्या पदकाचा छाप मिळाला, तर खाली नाव आईचं नसेल, मनू. ते पदक आईचं नाही."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"माहीत असणं म्हणजे पुरावा नव्हे, असं तूच म्हणतेस ना?"

"म्हणूनच वही शोधतेय."

मला हसू आलं आधी. मी म्हटलं, ताई, मला आठवतं. मी सहा वर्षांची होते, पण मला आठवतं, मी आईच्या मांडीवर बसून ते पदक चघळायचे, ती गार चांदीची चव अजून जिभेवर आहे. माझ्याकडं आईचं दुसरं काही नाही, ना चेहरा, ना फोटो, हेच आहे.

तू कप खाली ठेवलास. "तू शेजारच्या गिरजाकाकूंच्या मांडीवर बसायचीस," म्हणालीस. "त्यांच्या गळ्यात होतं ते. मी रोज बघायचे, विहिरीवर."

मग तू सगळं सांगितलंस, खिडकीकडं बघत. भूकंपानंतरचा तिसरा दिवस. किल्लारीच्या शाळेपाशी ताडपत्रीवर मांडलेल्या वस्तू, तांबे, घड्याळं, एक शिवणयंत्र. आपलं आणि गिरजाकाकूंचं घर एकमेकांत कोसळलेलं, ही माळ त्या ढिगात मिळालेली. जवानानं ती उचलून विचारलं, "किसका है?" मामांनी तुझ्याकडं बघितलं, "अनिता, आईचं हाय का हे?" दोन दिवस मी काही खाल्लं नव्हतं. आईला बघायचंय, एवढंच बोलत होते. तू चौदा वर्षांची. तू म्हणालीस, "हाव." माळ माझ्या हातात दिलीस. मी गप्प झाले. पाणी प्यायले. झोपले.

"दोन-तीन दिवसांनी सुमित्राक्का आली, गिरजाकाकूंची मुलगी," तू म्हणालीस. "उमरीला दिली होती तिला, त्याच वर्षी. मी तंबूतून बघत होते तिला, मनू. ती..."

मी तुला पुढं बोलू दिलं नाही. काय बोलले ते इथं लिहायलाच हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "तुला नवरा नाही, मूल नाही, म्हणून माझ्याजवळ आहे तेवढंही तुझ्या डोळ्यांवर आलंय." तू पर्स उचललीस. दारात चप्पल घालताना तुझा हात भिंतीला टेकलेला होता. मी बसून राहिले. मला वाटलं, फोन करशील. तूही असंच काही वाटून घेतलं असशील.

तुझ्या दहाव्याला मी मामांना बाजूला घेतलं. आपल्याला वाढवणाऱ्या या माणसाला आता कमी ऐकू येतं, शेजारी बसून कानात विचारावं लागलं. "मामा, त्या दिवशी ताडपत्रीवरची माळ... ती आईची नव्हती ना?" ते किती तरी वेळ पंच्याचं टोक चोळत बसले. म्हणाले, "मला तवाच शंका आल्ती, पोरी. तुझ्या आईच्या अंगावर एवढी चांदी कुठली? पर तू गप झालीस ना. म्हनून मी बी गप झालो."

त्या दिवशी मी तू पाठवलेला फोटो मोठा केला. छापात हार्पच्या वर तीच तीन अक्षरं आणि तोच वाकडा आकडा, तसूभर फरक नाही. खाली लिहिलेलं: 'किल्लारी. गिरजाबाई. विहिरीजवळचं घर.'

लॅपटॉपमध्ये लेख होता, इंग्रजीत, त्या म्हाताऱ्यासाठी लिहिलेला. आळस नव्हताच. वजन, व्यास, ठशाचा प्रकार, खालच्या नाण्याची ओळख, सगळं जागच्या जागी. शेवटी आजवरच्या मालकांचा भाग. पहिलं नाव गिरजाबाई, किल्लारी. आधीचं अज्ञात. त्यानंतरचं वाक्य वाचून मी उठून खिडकी उघडली. 'भूकंपानंतर प्रस्तुत लेखिकेनं खोटी ओळख सांगून ताब्यात घेतलं.' त्याच्या पुढं आणखी एक ओळ होती, 'तेव्हा तिचं वय चौदा होतं,' पण ती तू लाल रेघ मारून काढून टाकली होतीस. एवढी सवलतसुद्धा घेतली नाहीस स्वतःला.

ज्या दोन-चारशे माणसांना तुझं नाव माहीत आहे ती सगळी हाच लेख वाचणार. त्यांच्यासाठी तू कायमची खोटं बोलणारी होणार. मी ते वाक्य निवडलं आणि पुसून टाकलं. ताई, तेव्हा मला वाटलं, मी तुला वाचवलं.

सुमित्राक्काचा पत्ता तुझ्या डायरीत होता. गेल्या सोमवारी रजा टाकून मी उमरीला गेले. माळ पंच्यात गुंडाळून पर्समध्ये, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. पिठाची गिरणी आहे त्यांची, घराला लागून. त्या स्वतःच दळत होत्या, पन्नाशीच्या, भुवयांवर पीठ.

"किल्लारीची?" त्यांनी पट्टा बंद केला. "कुनाची तू?"

"रुक्मिणबाईची धाकटी."

"मनी?" त्या पुढं आल्या. "आन् अनिता कशी हाय?"

"गेली, आक्का. सोळा दिवस झाले."

त्या पोत्यावर बसल्या. मी पर्स उघडली, पंच्याची घडी बाहेर काढली, आणि रुपये आत वाजले. तेवढ्या आवाजानं त्यांची मान वर झाली. "थांब," म्हणाल्या, "हात धुऊन येते." परत आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या, जवळ येईनात. "मधी मोठं हाय का? बाई बसलेली?"

मी माळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदक उलटं केलं, सुलटं केलं, मग नुसतंच मुठीत धरलं.

"कुठं घावलं?"

मी सांगितलं. ताडपत्री, जवान, मामांचा प्रश्न, तुझं 'हाव'. काही वगळलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला.

"आठ दिस," त्या म्हणाल्या. "आठ दिस मी दगडं उपसली तितं. नखं गेली माझी. आईला तर मी यायच्या आधीच समद्यांसंगं जाळलं व्हतं, म्हनलं तिच्या गळ्यातलं तरी घावंल. जवान म्हनायचा, बाई, जा आता. आन् तुमी तंबूत घेऊन बसल्या व्हता!"

"ताई चौदा वर्षांची होती, आक्का."

"मी अठराची व्हते."

दळण घेऊन आलेली एक बाई दारात थांबली, आमचे चेहरे बघून डबा ठेवून निघून गेली.

"मोठी झाल्यावर तरी यायचं व्हतं तिनं," आक्का म्हणाल्या. "तीस वर्सं! माझ्या लेकीच्या लग्नात मला वाटलं, माळंतला आईचा येक मनी जरी असता..."

"ती येणार होती. चार महिन्यांपूर्वीच. मी अडवलं तिला."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मग तू बी तसलीच," म्हणाल्या.

चहाचं विचारलं नाही त्यांनी. मी उठले. चपला घातल्या. पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला, "तुझी आई आन् माझी आई दोन वर्सं बोलत नव्हत्या, ठावं हाय का तुला?"

मी वळले.

"विहिरीच्या रहाटावरनं. आधी कोन पानी घ्यायचं म्हनून. लई भांडायच्या. रुक्मिणकाकूचा आवाज पार येशीपस्तोर जायचा. तू मातर आमच्याच घरात. तुझी आई तिकडनं वरडायची आन् तू माझ्या आईच्या पदराआड लपायचीस." त्यांना हसू फुटलं, आणि फुटता फुटता ते रडण्यात गेलं. दाराच्या चौकटीला धरून त्या रडल्या, माळ मुठीत तशीच. मी पायरीवर उभी होते. जवळ जाण्याचा हक्क मला नव्हता.

त्या शांत झाल्यावर मी विचारलं, "आक्का, माझ्या आईच्या गळ्यात काय असायचं?"

खूप वेळ आठवत राहिल्या. खरंच मनापासून आठवत होत्या. मग मान हलवली. "न्हाई बा. भांडताना गळ्याकडं कोन बघतंय."

घरी येऊन मी लातूरहून आणलेला तुझा लॅपटॉप उघडला. पुसलेलं वाक्य जसंच्या तसं परत लिहिलं. त्याखाली एक ओळ घातली की पदक मूळ मालकिणीच्या मुलीकडं परत गेलं आहे, उमरीला. आणि तू लाल रेघ मारलेली वयाची ओळही मी परत घेतली. यावर तू वाद घातला असतास, की वय हा काही पुरावा नव्हे. मी म्हटलं असतं, वारसनोंदीत आम्ही वय लिहितो, लिहावंच लागतं. भांडलो असतो आपण, चांगलं तासभर. मी लेख पाठवून दिला. त्या म्हाताऱ्याचं दोनच ओळींचं उत्तर आलं, की तो एक शब्दही बदलणार नाही.

आता कपाटातला तो कप्पा रिकामा आहे. मला वाटलं होतं, आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. तसं झालं नाही. तुझाच राग आला, तू गेल्यानंतर पहिल्यांदा खराखुरा राग. माळ आईची म्हणायची म्हणून तू खऱ्या आईबद्दल कधी बोललीच नाहीस. ती भांडायची, तिचा आवाज मोठा होता, हे मला उमरीत एका परक्या बाईकडून कळावं? तुला तर सगळं आठवत असणार, ती केस कसे बांधायची, कशाला हसायची, त्या दिवशी जेवायला काय केलं होतं. आणि मी तरी कधी विचारलं? मला वाटायचं, माझ्याजवळ आई आहे, कपाटात, कुलपात.

काल मामांना फोन केला. ओरडूनच बोलावं लागतं. "मामा, आईचं काहीतरी सांगा," मी म्हटलं, "काहीही. गळ्यात काय घालायची, कशी बोलायची." ते नीट ऐकायला फोन या कानावरून त्या कानावर नेत होते, मला कळत होतं. मग सहज म्हणाले, "मला कुठलं आठवतंय आता? अनिताला इचार की. तिला सगळं ठावं हाय."

मग त्यांचं त्यांनाच आठवलं, आणि त्यांनी फोन ठेवला.